राबत होता भलताच

आमच्या वळमध्ये आता भातशेतीपेक्षा गोदामंच जास्त दिसतात. माझा पुतण्याही तिथेच रात्रपाळीला माल चढवतो-उतरवतो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलंय पठ्ठ्याने, पण ड्रॉइंगची नोकरी हवी तर कॉम्प्युटरवर हात बसायला हवा. म्हणून पगारातून पैसे साठवून त्याने जुना डेस्कटॉप घेतला आणि वर एक सेकंडहँड जीफोर्स जीटी ७१० कार्ड. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलेला, ११ त्यावर चढेना. "लिनक्स टाकू, मी आहे ना!" हे अर्थातच मी.

मिंट टाकलं, फ्रीकॅड टाकलं. कार्डाचा मुक्त ड्रायव्हर, नूवो, आपोआप चालू झाला होता. पण तो हे कार्ड कमी वेगावरच चालवतो, म्हणून मी टर्मिनलवरून एनव्हिडियाचा स्वतःचा ४७० ड्रायव्हर घातला. मध्येच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली, दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली. तेवढ्यात वहिनींनी चहाला हाक मारली.

परत आलो तर डेस्कटॉप समोर. झालं काम!

तीन आठवडे पोरगं पाळीवरून येऊन मॉडेल फिरवायचं आणि ते धक्के खात फिरायचं. पंखा तर असा घोंघावे की मागमाग सुरू आहेत असं वाटावं. "काका, कार्ड खराब लागलं का?" मी म्हणालो, "जुनंच आहे रे, एवढंच चालणार." हे वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

मग एकदा सहज पाहिलं तर प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर. ग्लक्सइन्फो चालवलं. रेंडरर कोण? एलएलव्हीएमपाइप! म्हणजे कार्ड नुसतं बसून, आणि त्याचं सगळं चित्रकाम बिचारा प्रोसेसर करतोय, तेही अवाक्षर न काढता.

गोम त्या निळ्या स्क्रीनमध्ये होती. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल सहीशिवायचा ड्रायव्हर आत घेत नाही. आपल्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर आपल्याच चावीची सही असते, आणि ती चावी मान्य आहे हे मालकाने बूट होताना कीबोर्डसमोर बसून सांगायचं असतं, म्हणजे बाहेरून कुणी परस्पर घुसवू नये. मी तेव्हा चहा पीत होतो. नवा ड्रायव्हर दाराबाहेर, नूवोला इन्स्टॉलेशननेच बंद केलेलं, आणि मी खापर फोडलं कार्डावर. (२०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलचे भाग खुले केले, पण नव्या पिढीच्या कार्डांपुरते. आमचं केप्लरचं त्यात बसत नाही.)

मोकयुटिल वापरून चावी पुन्हा नोंदवायला लावली, रीस्टार्ट केलं आणि या वेळी हललो नाही. 'एन्रोल मोक', पासवर्ड, रीबूट. रेंडररच्या पुढे जीटी ७१०.

पाळीवरून आल्यावर त्याला मॉडेल फिरवायला सांगितलं. लोण्यासारखं फिरलं. तो गप्प. मग खिशातून फोन काढून कुणाला तरी म्हणाला, "भाई, ते कार्ड विकायचं नाही आता."

विकायला काढलं होतं हे मला तेव्हा कळलं.