बनारसचे वाडे आणि शालूची गल्ली

मराठी घरात लग्न ठरलं की कार्यालय आणि केटररच्या बरोबरीने आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे शालू. शालू म्हटला की बनारस, हे समीकरण आपल्याकडे कित्येक पिढ्यांचं. पण तो ज्या गल्लीत विकला जातो आणि ज्या मागावर विणला जातो, तिथे आपल्यापैकी फार थोड्या जणी गेलेल्या असतात. काशीला जाणारी मराठी मंडळी विश्वनाथाचं दर्शन घेतात, संध्याकाळी गंगा आरती बघतात, वेळ उरला तर सारनाथला जाऊन येतात आणि गाडी पकडतात.

यंदा भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने मी, ताई आणि आई अशा तिघी दोन दिवसांसाठी बनारसला गेलो. ताईला लेकीसाठी शालू घ्यायचा होता. आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तिला घाटांवरचे मराठी वाडे बघायचे होते. सुरुवातीला ही दोन वेगळी कामं वाटली, म्हणून आम्ही एकेक दिवस वाटून घेतला.

पहिला दिवस : महाल बघायचे ते पाण्यातून

जयपूर, उदयपूरला तिकीट काढून आपण राजवाड्यात शिरतो. बनारसचं तसं नाही. इथले बहुतेक महाल नदीकडे तोंड करून उभे आहेत आणि पाठीमागे अरुंद गल्ल्या आहेत. गल्लीतून गेलं तर फक्त एक उंच भिंत आणि एखादं बंद दार दिसतं. म्हणून पहाटे अस्सी घाटावरून होडी घ्यावी आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे पंचगंगा घाटापर्यंत जावं. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे. घाट पश्चिम काठावर असल्याने उगवतीचं ऊन थेट त्या भिंतींवर पडतं. होडीत बसण्याआधी भाडं आणि कुठपर्यंत जायचं, हे दोन्ही स्पष्ट ठरवून घ्या. पावसाळ्यात पाणी चढलं की होड्या बंद असतात आणि घाटांच्या पायऱ्याही बुडतात. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम.

अस्सीपासून जवळच भदैनी आहे. झाशीच्या राणीचा जन्म इथला, आज तिथे तिचं स्मारक आहे. मराठी मुलगी इतक्या लांब कशी जन्मली, याचं उत्तर पेशवाईच्या शेवटात आहे. पेशवाई संपल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा काशीला येऊन राहिले आणि मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते. आईने हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, "इथले वाडे बघताना एक प्रश्न विचारत जा. बांधणारा इथे का आला?"

त्या प्रश्नाने सगळी सफर बदलली.

पुढे शिवाला भागात चेतसिंहाचा किल्ला लागतो. 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या या राजाला त्याच्याच महालात अटकेत ठेवलं. चकमक झाली, कंपनीचे शिपाई मारले गेले आणि चेतसिंह खिडकीतून पगड्यांच्या दोरीवरून खाली नदीत उतरून निसटला, असं सांगतात. होडीतून ती उंची बघितली की छातीत धस्स होतं. शेवटी त्याला आसरा मिळाला तो महादजी शिंद्यांकडे. 1810 मध्ये ग्वाल्हेरला तो वारला. म्हणजे आपली माणसं राज्य गेल्यावर काशीला आली आणि काशीचा राजा राज्य गेल्यावर मराठ्यांकडे गेला.

राजा घाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र. पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर त्यांनी इथे वाडा आणि घाट बांधला, अन्नदान केलं. दशाश्वमेधच्या अलीकडे एक भव्य दगडी महाल दिसतो. तो 1812 चा, नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधलेला. पुढे दरभंग्याच्या महाराजांनी तो घेतला आणि आता तिथे हॉटेल आहे. त्याला लागूनच अहिल्याबाईंचा घाट. 1780 मध्ये विश्वनाथ मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाई काही इथे राहायला आल्या नाहीत, पण यात्रेकरूंची सोय मात्र करून ठेवली. बाकीच्यांनी स्वतःच्या शेवटासाठी घरं बांधली आणि या बाईंनी दुसऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी बांधलं, हा फरक मला फार मोठा वाटतो.

दशाश्वमेधनंतर मानमहाल येतो. आमेरच्या मानसिंहांनी तो साधारण 1600 च्या सुमारास बांधला. याच्या दगडी सज्जाचं कोरीवकाम होडीतूनच बघावं. हा महाल मात्र आतूनही बघता येतो. गच्चीवर सवाई जयसिंहांची 1737 मधली वेधशाळा आहे. मुलं बरोबर असतील तर सूर्याच्या सावलीवरून वेळ कशी काढायची, हे इथे प्रत्यक्ष दाखवता येतं.

मणिकर्णिकेची धग मागे टाकली की शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास तो बांधवला आणि बांधकाम इतकं अवजड झालं की घाटाचा भाग खचला. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं मंदिर कललेलं आहे आणि वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. बायजाबाईंनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही 1828 मध्ये बांधवला होता. पुढे ग्वाल्हेरची सत्ता हातातून गेल्यावर त्यांनाही काही काळ काशीत काढावा लागला. पुढचा भोसले घाट नागपूरकरांचा. उंच, जवळजवळ कोरी भिंत आणि अगदी वरच्या मजल्यावर छोट्या छोट्या खिडक्या. राजवैभव मिरवायला बांधलेली वास्तू अशी नसते. ज्याला आता फक्त नदी बघत बसायचं आहे, त्याचं हे घर.

पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत असत. आपल्या लग्नातल्या रेकॉर्डवर जी सनई वाजते, ती या पायऱ्यांवर घडली. इथून वर चढलं की दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा जुना मराठी वस्तीचा भाग. दारांवर मराठी आडनावं अजून दिसतात आणि बोलणं मात्र अस्सल बनारसी ऐकू येतं. हिंदी पत्रकारितेत अतिशय आदराने घेतलं जाणारं नाव, 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर, हे काशीतल्या मराठी घरातलेच.

संध्याकाळी नदीपलीकडच्या रामनगरच्या किल्ल्यात जाऊन आलो. महाराजा बलवंतसिंहांनी 1750 च्या सुमारास चुनारच्या पिवळसर दगडात बांधलेला हा किल्ला म्हणजे बनारसच्या राजघराण्याचं घर. संग्रहालयात पालख्या, जुन्या मोटारी, हत्यारं आणि हस्तिदंती काम आहे. खरं बघण्यासारखं आहे ते नदीकडच्या बाजूने दिसणारं पलीकडचं शहर. दसऱ्याच्या आसपास गेलात तर रामनगरची रामलीला महिनाभर चालते. किल्ल्याबाहेर कुल्हडमधली घट्ट मलईची लस्सी प्या. आईने, मधुमेह असूनही, अर्धी संपवली आणि आम्ही दोघींनी बघितलं नाही असं केलं.

दुसरा दिवस : चौक, ठठेरी बाजार आणि कुंज गल्ली

सकाळी रिकाम्या पोटी बाहेर पडा. कचोरी, रस्सा आणि गरम जिलबी ही बनारसची न्याहारी. थंडीत गेलात तर मलइयो, म्हणजे दुधाचा केशरी फेस, सकाळीच खावा लागतो. दुपारपर्यंत तो उरत नाही.

चौकातून ठठेरी बाजारात शिरलो. ठठेरा म्हणजे तांबट, कासार. पितळेची पूजेची भांडी, समया, घंटा, गंगाजलाचे गडू यांनी दुकानं भरलेली. याच भागात आधुनिक हिंदीचे आद्य लेखक भारतेंदु हरिश्चंद्र यांचं घर आहे. पितळ घेताना वजनावर भाव विचारा आणि भांडं हातात घेऊन बघा. पातळ पत्र्याचं भांडं दिसायला तसंच असतं. विश्वनाथ गल्लीत बांगड्या, कुंकू, रुद्राक्ष आणि लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी मिळतात. ही खेळणी आणि चांदीवरची गुलाबी मीनाकारी या बनारसच्या खास वस्तू. छोट्या भेटी द्यायच्या असतील तर इथेच घ्या.

मग कुंज गल्ली. साडीचा हा जुना घाऊक बाजार. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसायचं, चहा येतो आणि समोर साड्यांचा ढीग उलगडत जातो. विणकर आपला माल घेऊन याच गाद्यांवर येतात. विणकर आणि गादीवाला यांच्यामध्ये अनेकदा 'गिरस्ता' असतो. तो रेशीम आणि नक्षी देतो, माल उचलतो आणि मजुरी चुकती करतो. साडीची किंमत वाढली म्हणून विणणाऱ्याची मजुरी वाढतेच असं नाही, हे गादीवर बसून कळत नाही.

"सब हैंडलूम है, बहनजी," हे वाक्य आम्ही त्या सकाळी निदान दहा वेळा ऐकलं. आपल्याला साडी ओळखता आली नाही तर या वाक्यावर विश्वास ठेवण्याशिवाय मार्ग नसतो. म्हणून हे लक्षात ठेवा. पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतो, कारण पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. बनारसीची उलटी बाजू वेगळी असते आणि तीच खरं बोलते. 'कढुआ' कामात प्रत्येक बुट्टा वेगळा विणलेला असतो, त्यामुळे मागे लोंबणारे धागे नसतात. 'फेकुआ' कामात जरीचा धागा पन्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत फेकलेला असतो आणि मधले सुटे धागे नंतर कापतात. फेकुआ हातमागावरही होतो, तो वाईट नसतो, पण त्याची मेहनत आणि किंमत कमी असायला हवी. हातमागावर कापड ताणून धरतात, त्यामुळे काठाच्या कडेला बारीक टाचणीसारखी भोकं दिसतात. बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिल्क मार्क आणि हातमागाचं चिन्ह मागा, आणि पक्कं बिल घ्या. रिक्षावाला आग्रहाने एखाद्या "सरकारी" दुकानात नेऊ लागला तर नम्रपणे नको म्हणा. त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

ताईने जेव्हा विचारलं, "ये कढुआ है या फेकुआ?" तेव्हा समोरच्या माणसाचा सूर बदलला. त्याने तो ढीग बाजूला सारला आणि मागच्या कपाटातून चारच साड्या काढल्या.

निर्णय मात्र तिथे झाला नाही. भाचीने व्हिडिओ कॉलवर बघून भरगच्च जरीचा, झगमगीत शालू पसंत केला. "फोटोत हाच छान दिसेल, मावशी." तो यंत्रमागाचा होता आणि किंमत आमच्या बजेटच्या निम्मी. ताईची चलबिचल झाली. वाचलेल्या पैशात एक दागिना झाला असता.

दुपारी आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या मालकांच्या ओळखीने मदनपुऱ्यातल्या एका विणकराच्या घरी गेलो. मदनपुरा, रेवडी तालाब, बजरडीहा, पीली कोठी हे विणकरांचे मोहल्ले. शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी बहुतेक माग बंद असतात. गल्लीत शिरताच यंत्रमागांचा अखंड खडखडाट कानावर आदळतो. त्यातून एका घरातून सावकाश, थांबून थांबून 'खट... खट' ऐकू आलं. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून साठीचे चाचा बसले होते. डोक्यावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांची जॅकार्ड यंत्रणा, हातात बुट्ट्यांच्या छोट्या छोट्या कांड्या. दिवसभरात किती होतं, असं विचारलं तर त्यांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. मुलगा काय करतो? "सूरत में है. मशीन पर."

आई बराच वेळ तो माग बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काल ज्या घरांच्या भिंती बघितल्या ना, त्यांचे भरजरी पोशाख अशाच मागांवर होत. त्या घरांची खरेदी कधीच संपली. आता यांचं गिऱ्हाईक म्हणजे आपण, लग्नघरं." एकेका दिवसात वाटून घेतलेली आमची दोन कामं त्या गल्लीत एक झाली.

ताईने पुन्हा कॉल लावला. या वेळी साडी न दाखवता तिने मागाचा व्हिडिओ दाखवला, आवाजासकट. भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मला फार साधा नकोय हं." संध्याकाळी कुंज गल्लीत परत जाऊन त्या चार साड्यांमधला डाळिंबी कतानचा, विरळ कढुआ बुट्ट्यांचा शालू घेतला. अंगभर जरी नाही, काठपदर भरलेला. बजेटमध्ये बसला, दागिना मात्र राहिला.

जाता जाता दोन गोष्टी. बनारसमध्ये वाराणसी जंक्शन, ज्याला सगळे 'कँट' म्हणतात, आणि बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, अशी वेगवेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावरचं नाव नीट वाचून मगच रिक्षा करा. आणि शालू घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत राहा, नाहीतर जर घडीवरच तुटते.