मुलांसंगे व्हेनिसमध्ये एक दिवस

रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर रस्ताच नाही, पाणी! इटलीतील व्हेनिसमध्ये मुले चकित होतात ती इथेच. जुन्या शहरात मोटारी नाहीत, सायकल चालवायलाही मनाई. भाजीपाला, कचरा, इतकेच काय, रुग्णसुद्धा बोटीतून जातात. शंभरावर बेटे चारशेंहून अधिक पुलांनी जोडलेली. दलदलीत लाकडी खांब ठोकून त्यांवर घरे बांधली. चिखलात हवा पोचत नसल्याने ते खांब शतकानुशतके टिकले.

एका दिवसात सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. स्थानकाजवळून एक नंबरची प्रवासी बोट पकडावी आणि ग्रँड कॅनॉलमधून रमतगमत १५९१ मधल्या रिआल्टो पुलापर्यंत जावे. गोंडोलाचे भाडे परवडत नसेल, तर कालवा ओलांडणाऱ्या 'त्राघेत्तो'त थोडक्यात हौस भागते. पुलांना पायऱ्या असल्याने बाबागाडी टाळावी. काठाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. लहानग्यांचा हात सोडू नये.

सेंट मार्क चौकात कबुतरांना दाणे टाकायला २००८ पासून बंदी आहे. पुलावर डबा उघडून बसल्यास दंड होतो. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क पडते. १४ वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. हे नियम जाचक वाटतील. पण १९५० च्या सुमारास पावणेदोन लाख वस्ती असलेल्या जुन्या शहरात आज पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत. म्हणून संध्याकाळी एखाद्या लहानशा चौकात घटकाभर टेकावे. तिथे चेंडू खेळणारी मुले दिसली, की हे कुणाचे तरी गाव आहे हे पोरांना न सांगता कळते.