धरून ठेवणारं चाक

अंगठ्याला दातांमधली फट, म्हणजे बॅकलॅश, कळेनासा झाला तेव्हा डिफरन्शियलचा क्राऊन बांधायचं काम मी पोराकडे दिलं. पोरगा वेल्ह्याकडचा, हाताला हलका. डायल गेज लावतो, क्राऊनवर कोरलेला आकडा बघतो, शिम बदलतो, पुन्हा लावतो. मी आधी हाताने हलवून किती थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, ते सांगायचो आणि मग गेज लावायचो. आकडा जुळला की बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघायची, आणि त्यासाठीच मी ते त्यांच्यासमोर करायचो. संधिवाताची गोळी घेतली की दुखणं थांबतं. ते बघणं थांबलं, ते मात्र अजून सलतं.

हात रिकामे झाले आणि डोकं एकाच ठिकाणी अडकून बसलं. पुण्याच्या एका गृहस्थांची एमजीबी भोरला आमच्याकडे घोड्यांवर उभी आहे. १७९८ सीसीचं इंजिन, मागे नळीचा अॅक्सल. त्यांना त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवून हवा आहे, आणि तोही प्लेटांचाच. जग्वारच्या ई-टाइपला साठच्या दशकात पॉवर-लॉक यायचा, तसा. काळाला शोभेल असा हवा, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण ते गाडी घेऊन जाणार पाबे घाटात, वरंधात, मांढरदेवीच्या वळणांवर, आणि पावसातही जाणार. तिथे माझं घोडं अडतं.

लिमिटेड स्लिपबद्दल सगळे विचारतात ते एवढंच, की गाडी अडकली तर निघेल का. निघण्याचं म्हणाल तर आमच्याकडचा कुठलाही ट्रॅक्टरवाला तुम्हाला शिकवील. चिखलणीत एक चाक नुसतं फिरायला लागलं की तो डिफ लॉकचं पेडल दाबतो आणि बांधाशी वळायच्या आधी सोडतो. सोडलं नाही तर ट्रॅक्टर सरळच जातो, हे त्याला पायानेच कळतं. थारच्या मागच्या अॅक्सलमध्ये ईटनचा लॉकर मिळतो, तो हेच काम आपलं आपण करतो. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला साधारण शंभराचा फरक पडला की आतली वजनं उघडतात आणि दोन्ही चाकं जखडली जातात. वेग वाढला की तो जखडत नाही. चिखलातून निघायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. पण एमजीबी चिखलात घालायची नाही, वळणावर चालवायची आहे.

पाबे घाटातलं चढाचं उजवं वळण घ्या. आषाढ आहे, कडेला शेवाळ धरलंय, पाणी रस्ता ओलांडून वाहतंय. वळणाने वजन डावीकडे जातं आणि उजवं चाक हलकं होतं. त्यात हा एकसंध अॅक्सल: प्रॉपेलर शाफ्टचा पीळ त्याला असा ढकलतो की जोर दिला की उजवंच चाक उचललं जातं. दोन्ही गोष्टी एकाच चाकावर येतात. साध्या डिफरन्शियलवर ते उजवं चाक फिरत सुटतं आणि गाडी चढत नाही. लोक इथेच थांबतात. पण त्याच वेळी डावं चाक काय करतं ते बघा. त्याच्यावर जोर नसतो, ते शांतपणे गडगडत असतं, आणि म्हणूनच गाडीची शेपटी आडवी धरून ठेवतं. टायरची पकड एकच असते. ती पुढे ढकलण्यात खर्च झाली तर आडवं धरायला उरत नाही.

आता तिथे प्लेटांचा डिफ घाला, चांगला कडक प्रीलोड देऊन, म्हणजे प्लेटा आधीच आवळून. उजवं फिरलं की डावंही त्याच्याबरोबर फिरणार. दोन्ही चाकांची पकड एका क्षणी सुटली की धरणारं कुणी उरलं नाही. शेपटी बाहेर जाणार. कोरड्या ट्रॅकवर हे चालतं, तिथे बाजूला मोकळी जागा असते. वरंधाला बाजूला दरी आहे.

दुसरा मार्ग गिअरच्या डिफचा, क्वेफ कंपनीच्या डिफसारखा. त्यात घासणाऱ्या प्लेटा नाहीत, साधं ईपी ९० चालतं. ज्या चाकाची पकड कमी, त्याच्या दुप्पट-अडीचपट जोर तो दुसऱ्याला देतो. अडचण एवढीच, की शून्याची अडीचपट शून्यच. उजवं चाक हवेत गेलं की तो साध्या डिफसारखाच होतो. पुण्यातले काही जण या कारणासाठी त्याला नावं ठेवतात. पण तेव्हा डावं चाक मोकळं राहून शेपटी धरतं, हे ते बघत नाहीत. मला वाटतं त्यांनी तो कॅटलॉगातच बघितला आहे. आता डिफरन्शियल उघडतो कोण? अख्खं हाउसिंग बदलतात, आणि मालक भेटीगाठींत सांगायला एक नाव घेऊन जातो. शेंदूर लावून क्राऊनचे दात बघणारी माणसं भोरपासून स्वारगेटपर्यंत बोटांवर मोजण्याइतकी राहिली. त्यांत मी चांगला होतो, आणि हे दुसऱ्या कुणी म्हणण्याची वाट मी बघत नाही.

पोराचं मत वेगळं. “मामा, प्रीलोड काढून टाकू. रॅम्प पंचेचाळीस अंशांचा ठेवू. जोर दिला तरच धरेल, तेही हळूहळू.” बोलणं चूक नाही. पण चढावर जोर सोडून गाडी चालत नाही, म्हणजे धरायचं तेव्हा तो धरणारच. आणि प्रीलोड काढला की हवेतल्या चाकाला त्याचाही उपयोग संपला, मग प्लेटा कशासाठी? यावर तो म्हणाला, चाक हवेत गेलंच तर गिअरवाल्याला हँडब्रेक एक दात ओढून बघा. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळाला की शून्याचं शून्य राहत नाही. ही युक्ती मला ठाऊक होती. त्याच्या तोंडून ऐकताना मान डोलावली, ठाऊक होती हे सांगितलं नाही. त्याला फार आनंद झाला होता.

मालकांना मी गिअरचाच सांगितला आहे आणि ते तयार झाले आहेत, थोडे नाराजीने. क्राऊन बसला, शेंदराचा ठसा दाताच्या मध्यावर आला आहे. राहिली चाचणी. त्यांची इच्छा मी शेजारी बसावं, आणि मलाही बसायचं आहे, कारण वळणावर ते माझ्याकडे बघतील. पण मी डावीकडे बसलो की ती बाजू जड होते आणि उजव्या चाकाचा हिशेब बदलतो. ते एरवी एकटेच चालवतात. तेव्हा पाबे घाटात ते एकटेच जातील, आणि मी पोराला घेऊन उजव्या वळणाच्या कठड्याशी उभा राहणार आहे.