तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तांबडा-पांढरा, मिसळ, अंबाबाई, रंकाळ्याची संध्याकाळ. माझंही तेच होतं. पण या खेपेला पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट निघालो, ते एका माशाला भेटायला. तोही खाऱ्या पाण्यातला!

मुंबई-बंगळूरु हायवेने दक्षिणेकडे येताना तावडे हॉटेलचा चौक लागतो. पाहुणेमंडळी इथून उजवीकडे शहरात वळतात. आपण वळायचं नाही, तसंच पुढे जायचं. पलीकडे गांधीनगरचं कापडाचं होलसेल मार्केट, आणि हायवेला लागूनच उचगाव. एकेकाळचं करवीर तालुक्यातलं उसाच्या रानांमधलं गाव आता शहराला चिकटलंय. एका बाजूला ऊस डोलतोय आणि दुसऱ्या बाजूला अपार्टमेंटचं पार्किंग, असा सीन.

अशाच एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर माझा कॉलेजचा दोस्त राहतो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटी सांभाळतो आणि घरी समुद्र. चार फुटी काचेची टाकी, अडीचशे लिटर पाणी. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ धरलं, तर पहिल्या दिवशीच पावणेनऊ किलो मीठ आरओच्या पाण्यात विरघळवावं लागलं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही बरं का, त्यासाठी समुद्री क्षारांचं खास मिश्रण येतं. तापमान पंचवीस-सव्वीस अंश, वर निळसर एलईडी, खाली सिरॅमिकचे खडक. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर हा पठ्ठ्या समुद्र पाळतोय. नाद खुळा!

इंजिनियरिंगच्या होस्टेलवर मी दोन गोल्डफिश पाळले होते. तेवढ्या भांडवलावर तो मला एक्स्पर्ट समजतो.

"भावा, क्लीनर मासा आणलाय," दार उघडता उघडताच त्यानं सांगितलं. "आता क्लॅम टाकायचा म्हणतोय. ॲडव्हान्स दिलाय. पण हा त्याला टोचा मारंल का? तेवढं सांग."

जेवण वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "ह्यांना घरातल्या माणसांचं जमतंय का नाही, त्याची काळजी नाही. माशाचं आणि शिंपल्याचं जमलं पाहिजे."

सलूनवाला आणि सूर्यभक्त

आधी दोन्ही पार्ट्यांची ओळख करून घेऊ. क्लीनर रॅस हा बोटाएवढा, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला मासा. प्रवाळांमध्ये तो चक्क दुकान मांडतो. मोठे मासे तिथे येऊन तोंड उघडून उभे राहतात आणि हा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले परजीवी टिपून खातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 1996 साली झालेल्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे बाराशे परजीवी खातो, असं दिसलं. डोकंही तल्लख. 2019 साली जपानी शास्त्रज्ञांनी या माशाच्या गळ्यावर ठिपका काढला आणि समोर आरसा ठेवला, तर तो आरशात बघून आपलाच गळा घासायला लागला.

दुसरी पार्टी जायंट क्लॅम, म्हणजे ट्रायडॅक्ना. आपल्या तिसऱ्यांचा दूरचा, श्रीमंत नातेवाईक. निळ्या-हिरव्या नक्षीची मखमली झालर शिंपल्याबाहेर पसरून तो दिवसभर ऊन खात बसतो. झालरीत सूक्ष्म शेवाळं राहतात. ती उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला भाडं म्हणून देतात. म्हणजे झालर उघडी तर पोट भरणार. शिंपला मिटला की किचन बंद.

या दोघांचं जमतं का? पुस्तकी उत्तर आहे, साधारणपणे जमतं. क्लीनर रॅस काही क्लॅमखाऊ नाही. पण टाकीत असतात मोजून पाच-सहा मासे, तिथे बाराशे परजीवी आणायचे कुठून? गिऱ्हाईक नसलेला सलूनवाला मग उगाच कुणाच्याही मानेवर वस्तरा फिरवायला लागतो. या माशाला परजीवींपेक्षा इतर माशांच्या अंगावरचा चिकट स्राव जास्त आवडतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. संधी मिळाली की तो सफाई सोडून तोच ओरबाडतो. भुकेला असला की क्लॅमच्या झालरीलाही टोचून बघू शकतो. त्या टोचण्याने क्लॅम लगेच मरत नाही, पण दर वेळी मिटतो. दिवसातून पन्नासदा मिटला तर उपाशी राहतो.

आणि "रॅस क्लॅमची सफाई करतो" हे जे दुकानात ऐकवतात, तो नावाचा घोळ आहे. क्लॅमला त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायी खातो तो सिक्स-लाइन रॅस. तो वेगळा मासा.

घाट उतरून

"हे सगळं ऐकून काय कळत नाही. चल, शिंपला कसा मिटतोय ते बघून येऊ," दोस्त म्हणाला. शनिवारी पहाटे गाडी काढली. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, रत्नागिरी. 130 किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. आंब्याला धुक्यात चहा-भजी झाली आणि घाट उतरता उतरता हवेला तो ओळखीचा खारट चिकटपणा आला.

रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, 1958 सालचं. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा बघून माणूस आपोआप गप्प होतो. मत्स्यालयाच्या टाक्यांपुढे मात्र दोस्ताच्या तोंडाची टकळी सुरू. फिल्टर कुठला, पाणी किती दिवसांनी बदलतात! मी विचार करत होतो की इथे समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी मासे सांभाळायला एवढी यातायात. मग उचगावात लाईट गेली की काय होत असेल?

खरा क्लास भरला तो भाट्याच्या खाडीत. सुकती लागली होती. गुडघाभर चिखलात बायका वाकून तिसऱ्या काढत होत्या. चिखलावर बारीक भोकं दिसत होती. दोस्त उत्साहाने पुढे झाला, पाय आपटत.

"अरे हळू! पाय वाजला की आत ओढून घेतात ती," एक मावशी ओरडल्या. मग त्यांनीच एक मोठी तिसरी पाण्याच्या भांड्यात ठेवून दाखवली. पाच-सात मिनिटांनी शिंपला किंचित उघडला, दोन नळ्या बाहेर आल्या. दोस्ताने बोटाने स्पर्श केला. खट्! मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा स्पर्श, पुन्हा मिटली. तिसऱ्या खेपेला ती उघडायलाच तयार होईना.

"कोणी सारखं टोचायला लागलं तर तू तरी दार उघडशील काय?" मावशी हसत म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

परतीच्या वाटेवर दोस्त बराच वेळ गप्प होता. घाटात एकदम म्हणाला, "माझ्या टँगच्या शेपटीचा तुकडा गेलाय. क्लीनर आणल्यापासनं."

भाऊसाहेबांचा तोतया

इतिहासाच्या तासाला सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट ऐकलीय ना? 1761च्या पानिपतानंतर "मीच भाऊ" म्हणत उभा राहिलेला तो. समुद्रातही असा एक तोतया आहे. अगदी क्लीनर रॅससारखाच रंग, तोच काळा पट्टा, तसंच नाचत नाचत पोहणं. पण जात निराळी, ब्लेनी कुळातली. गिऱ्हाईक विश्वासाने जवळ आलं की हा परजीवी सोडून कल्ल्याचा, शेपटीचा लचकाच तोडतो. जपानमध्ये झालेल्या अभ्यासांत त्याच्या जेवणात आणखी काय सापडलं ठाऊक आहे? माशांची अंडी, नळीत राहणाऱ्या किड्यांचे तुरे आणि ट्रायडॅक्नाच्या झालरीची किनार!

म्हणजे दोस्ताचा प्रश्नच अर्धवट होता. क्लीनर आणि क्लॅमचं जमेल का, याआधी विचारायला हवं होतं की हा क्लीनर आहे का?

ओळखायचं कसं? तोंडावरून. अस्सल क्लीनरचं तोंड थुंकीच्या टोकाला असतं, अगदी समोर. तोतयाचं तोंड खालच्या बाजूला, वर नाक पुढे आलेलं. रात्री साडेनऊला उचगावात पोचलो आणि बूटही न काढता टाकीपुढे बसलो. मोबाइल झूम करून चाळीसेक फोटो काढले. स्वारी एका जागी ठरेल तर शपथ. शेवटी वहिनींनी काढलेला एक फोटो स्पष्ट आला.

तोंड खाली होतं.

रिकामी जागा

क्लॅमची ऑर्डर त्या रात्रीच रद्द झाली. ॲडव्हान्स बुडाला. पण खरं सांगायचं, तर अस्सल क्लीनर निघाला असता तरी ती रद्दच व्हायला हवी होती. लक्षद्वीपच्या प्रवाळांत सापडणाऱ्या ट्रायडॅक्नाच्या जाती आणि सगळे खडक-प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या समुद्रातून उचललेला जायंट क्लॅम घरात ठेवणं हा गुन्हा आहे. परदेशी म्हणून विकत असतील, तर त्याच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत आणि कागदपत्रं लागतात. व्हॉट्सअपवर फोटो पाठवणाऱ्याने कागदाचा विषयही काढला नव्हता.

आणि क्लीनर? समुद्रातून पकडलेले हे मासे टाकीत बहुतेकदा फार टिकत नाहीत. प्रवाळावर ज्याच्याकडे रांग लागते, त्याला आपण चार फुटांत पाच गिऱ्हाइकं देतो. हौस म्हणून माशांची सफाई बघायचीच असेल, तर टाकीतच पैदास झालेला निऑन गोबी विचारा. तोही सफाई करतो आणि समुद्रातून कुणाला उचलावं लागत नाही.

राहिला तोतया. त्याला समुद्रात सोडायचं मी सुचवलं, तर दोस्ताने डोळे वटारले. कुठल्या समुद्रातून आला माहीत नाही, अंगावर कुठले रोग आहेत माहीत नाही, त्याला रत्नागिरीत कसा सोडायचा? बरोबर होतं त्याचं. रविवारी सकाळी छोट्या वेगळ्या टाकीत त्याची सोय लावली. नावही ठेवलं, भाऊ.

मी निघालो तेव्हा मोठ्या टाकीत लाइटखाली पांढऱ्या वाळूचा एक गोल तुकडा मोकळा होता. क्लॅमसाठी राखलेला. "तिथं काय ठेवणार?" मी विचारलं. "काय नाही," दोस्त म्हणाला, "असू दे तसंच."

बुधवारी मीटिंगमध्ये मोबाइल थरथरला. उचगावहून मेसेज होता. "भाऊनं आज कोळंबी खाल्ली."

जाताय?

पुण्याहून उचगाव सुमारे 230 किलोमीटर, कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, इथून जवळच. रत्नागिरीसाठी आंबा घाटाचा रस्ता घ्या, पावसाळ्यात सांभाळून. झाडगावच्या मत्स्यालयाची वेळ आधी विचारून ठेवा आणि भाट्याच्या खाडीसाठी ओहोटीची. चिखलात जाताना पाय मात्र हळू टाका!