बंद संघाचे पाठीराखे

शहादा तालुक्यातल्या पपईच्या नि उसाच्या शिवारातून महिंद्राचा ट्रॅक्टर जाणं ही काही बातमी नव्हे. गोमाईकाठच्या एका गावात मात्र एक निवृत्त गृहस्थ असे आहेत, की बॉनेटवरचं ते नाव दिसलं की त्यांना नांगरट सुचत नाही, युसुफ याकुबू आठवतो. घानाचा सेंटर फॉरवर्ड. नंदुरबार जिल्ह्यात हे नाव ऐकून मान वर करणारा दुसरा माणूस शोधायचा, तर तो त्यांच्या फोनमध्येच सापडेल, आणि तोही वसईचा.

गावात या गृहस्थांना आबा म्हणतात. कांदिवलीच्या ट्रॅक्टर कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा ते नुसते ‘पाटील’ होते. वसईचा मित्र त्यांच्याच खात्यातला. तो अजूनही ‘पाटील’च म्हणतो. रविवारी दुपारी फोन लागतो. तब्येत, पाऊस, पोरांच्या नोकऱ्या हे सगळं दोन मिनिटांत उरकतं आणि गाडी महिंद्रा युनायटेडवर येते. हा संघ २०१० मध्ये बंद झाला. त्याचं मैदान आता त्याचं नाही, त्याची जर्सी दुकानात मिळत नाही, पुढचा सामना कधी हा प्रश्नच नाही. तरी बोलायचं काही संपत नाही.

आबांना शाळेत असताना फुटबॉल ठाऊक नव्हता. गावाकडे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, एवढ्यावर खेळाची हौस भागायची. मुंबईत आल्यावर कळलं, की इथे फुटबॉल म्हणजे कंपन्या. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, खत कारखाने. खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असायचा. पाय चालेनासे झाले तरी पगार चालू राही, आणि पोराला मैदानावर पाठवताना बापाला तेवढा धीर पुरे होता. महिंद्राचा संघ १९६२ पासूनचा. वर्तमानपत्रं त्याला ‘जीपमेन’ म्हणत. कोलकात्यात माणूस जन्मानं मोहन बागानचा किंवा ईस्ट बंगालचा असतो. मुंबईत तो नेमणुकीच्या पत्रानं एखाद्या संघाचा होई. पाटलांचं असंच झालं. वसईकर मात्र आधीपासूनचा. त्याच्या गावात चर्चच्या मैदानावर पोरं चालायला लागली की चेंडूच लाथाडायची. पहिली पाळी सुटली की त्यानं पाटलांना ओढायचं, चर्चगेटची गाडी धरायची आणि ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत कूपरेज गाठायचं.

कूपरेज म्हणजे मुंबईच्या फुटबॉलचं जुनं घर. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप इथेच गाजला. मोहन बागान, मोहम्मेडन स्पोर्टिंग, हैदराबाद पोलीस, गोव्याचे धेंपो आणि साळगावकर असे सगळे इथे खेळून गेले. पाटील आले तोवर रोव्हर्सची रया जाऊ लागली होती, २००० च्या सुमारास तो थांबलाच. पण आधी बघून गेलेल्यांची पिढी अजून स्टँडात बसत होती. ही मंडळी समोरचा खेळाडू बघून पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणाशी तरी तुलना करायची आणि समोरच्याला हमखास नापास करायची. पाटलांना तेव्हा त्यांचा राग येई. डोळ्यांसमोर पोरगा धावतोय आणि यांना मेवालाल काय आठवतोय!

१९९८ हे वर्ष आबांच्या डोक्यात दोन कारणांनी पक्कं आहे. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्हा तुटून नंदुरबार वेगळा झाला, आणि घरच्या पत्रावरचा जिल्हा बदलला. त्याच वर्षी महिंद्रानं ड्युरँड कप जिंकला. पुढे २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन कप. प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्लंडचे. त्या वयात मात्र पाटील आणि वसईकर कोचबद्दल फारसं बोलत नसत. कोच हा त्यांच्या लेखी टचलाइनवर उभा राहून ओरडणारा माणूस. गोल कुणी मारला, कुठून मारला, कीपर कुठे फसला, एवढ्यावर चर्चगेट ते कांदिवली प्रवास पुरत असे.

मग २००५–०६ चा हंगाम. याकुबू तोवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून नाव कमावून महिंद्रात आला होता. जोडीला जोसे रामिरेझ बॅरेटो. या ब्राझिलियन माणसानं मोहन बागानच्या लोकांना असं वेड लावलं होतं, की तो कोलकाता सोडून गेल्याचं दुःख तिथे घरोघरी झालं. पुढे तो परत बागानात गेलाच, पण मधला तो काळ मुंबईच्या वाट्याला आला. उजव्या बगलेवर मुंबईचाच स्टीव्हन डायस. मधल्या फळीत केरळच्या इडुक्कीचा एन. पी. प्रदीप. संघात खालिद जमीलही होता. कुवेतमध्ये जन्मलेला, कमी बोलणारा मिडफिल्डर, गुडघ्याच्या आणि इतर दुखापतींनी गांजलेला. आणि या सगळ्यांवर डेरिक परेरा. साळगावकरचे आणि भारताचे जुने बचावपटू, गोव्याचे, शांत स्वभावाचे.

राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती पंजाबच्या जेसीटीनं, कोलकात्याच्या दोन संघांनी नाहीतर गोव्याच्या साळगावकर आणि धेंपोनं जिंकलेली. मुंबईला तिनं कधी विचारलंच नव्हतं. महिंद्रानं आधी २००५ चा फेडरेशन कप घेतला आणि मग लीगही. मुंबईचा पहिला राष्ट्रीय विजेता. कांदिवलीच्या कँटीनमध्ये त्या दिवशी ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नव्हतं, तेही ‘आपण जिंकलो’ म्हणत होते. आबा आजही हे सांगताना ‘आपण’ म्हणतात. कंपनीतून निवृत्त झाल्यावरही हे सर्वनाम निवृत्त झालेलं नाही.

याच सुमाराला पाटील सुपरवायझर झाले, आणि त्यांचं सामना पाहणं बदललं. हाताखाली माणसं आली. कुणाला कुठल्या मशीनवर ठेवायचं, रुसलेल्या चांगल्या कारागिराला कसं वागवायचं, आळशी पण हुशार पोराचं काय करायचं, हे रोजचं झालं. स्टँडात बसल्यावर नजर आपोआप बेंचकडे वळू लागली. बॅरेटो आणि याकुबू एकाच संघात ठेवणं सोपं नाही, दोघांनाही चेंडू हवा असणार; डेरिकनी ते कसं जमवलं असेल? कुणाला साठाव्या मिनिटाला बाहेर काढायचं आणि तो बाहेर येताना त्याच्याशी काय बोलायचं? वसईकराला हा बदल मानवला नाही. ‘पाटील, तू मॅच बघायला येतोस की मस्टर तपासायला?’ असं तो विचारी. लेखकाच्या मते पाटलांचं निरीक्षण जास्त खोल होतं, पण मजा वसईकरालाच जास्त येत असणार.

२९ ऑगस्ट २००७ ची रात्र दोघांनी टीव्हीवर पाहिली. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर नेहरू कपाची अंतिम लढत, समोर सीरिया. भारत १–० जिंकला आणि गोल मारला प्रदीपनं. देशानं भारताचा विजय साजरा केला. या दोघांनी त्यात हळूच महिंद्राचा घुसवला. आपल्या माणसानं मारला! त्याच वर्षी एएफसी कपात महिंद्रानं उपांत्यपूर्व फेरी गाठली, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड आला. संघ बंद होण्याआधीचा काळ असा वाईट मुळीच नव्हता, आणि म्हणून २०१० च्या मार्चमधली बातमी पचायला जड गेली. हंगाम संपल्यावर व्यावसायिक संघ थांबवायचा आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, असं कंपनीनं जाहीर केलं. हिशेब समजण्यासारखा होता. व्यावसायिक लीगचा खर्च वाढत चालला होता, प्रेक्षक टीव्हीवर मँचेस्टर आणि बार्सिलोना बघत होता. पुढच्याच वर्षी जेसीटीनंही तेच केलं.

इंग्लंडात विम्बल्डनचा संघ मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, तेव्हा चिडलेल्या पाठीराख्यांनी २००२ मध्ये स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालच्या पायरीपासून खेळवला आणि वर चढवला. वसईकरानं हे वाचलं तेव्हा त्याचं रक्त उसळलं. पाटलांनी त्याला थंड केलं. विम्बल्डन एका वस्तीचा संघ होता, त्यांना परत जायला गल्ली होती. कंपनीच्या संघाचे लोक कांदिवली, वसई, कल्याण, रत्नागिरी, शहादा असे विखुरलेले. त्यांना बांधणारा एकच धागा, पगाराची पावती. ती थांबली की वर्गणी कोण गोळा करणार?

हा फरक आबांना खरा उमजला कोल्हापुरात. एका लग्नासाठी गेले असता शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना लागलेला. लग्नघरातले निम्मे पुरुष गायब. आबाही गेले आणि चाट पडले. तालमींच्या नावानं संघ, पेठांच्या नावानं घोषणा, स्टँडात बायाबापड्या, आणि हाणामारीची भीती असल्यानं पोलीसही. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. एकेका संघामागे अख्खी गल्ली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्या पोराला अमुक साली अमुक यानं कसा गोल मारला हे सांगितलं आणि पोरानं ‘माझा आजाच तो’ असं उत्तर दिलं. कूपरेजवर असं उत्तर कधी मिळालं नसतं. अशा संघाला टाळं लावायचं तर कुठल्या बोर्डाच्या बैठकीत ठराव करणार? याच गावच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला.

त्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ काढून महाराष्ट्रभरच्या शाळांत एका दिवशी फुटबॉल खेळवला. आबा तोवर गावी परतले होते. नातवाच्या शाळेतही नवा चेंडू आला. पोरं एकगठ्ठा त्याच्यामागे धावत होती. नातवानं विचारलं, ‘आबा, तुमची टीम कुठली?’ आबांनी नाव सांगितलं. ‘ती तर ट्रॅक्टर आहे,’ नातू म्हणाला आणि पळाला.

गंमत अशी, की संघ बंद झाला तरी माणसं खेळातच राहिली, आणि या दोघांना पाहायला नवं काही मिळत गेलं. डेरिक परेरा पुणे एफसीला गेले, २०१२–१३ मध्ये त्यांनी तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आणला. नंतर डीएसके शिवाजीयन्स. दोन्ही क्लब आज नाहीत. वसईकर म्हणतो, डेरिकला नेमलं की क्लबानं मृत्युपत्र करून ठेवावं. हा विनोद आबांना आवडत नाही. डेरिकनं संघ बुडवले नाहीत, महाराष्ट्रात क्लब चालवणाऱ्यांचा दमच तेवढा होता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडणं अवघड आहे. मुंबई एफसीसुद्धा २०१७ नंतर दिसला नाही.

मुंबई एफसीतच खालिद जमील खेळाडूचा कोच झाला, तोही डेव्हिड बूथ यांच्या जागी. अनेक हंगाम त्यानं तो अपुऱ्या पैशांचा संघ लीगमध्ये तगवला. तिथून बाहेर पडल्यावर मिझोरामच्या ऐझॉलनं त्याला बोलावलं. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी २०१६ मध्ये लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली. त्याच ऐझॉलनं ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून विजेतेपद नेलं, मोहन बागानच्या नाकासमोरून. संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही मुंबईची पोरं. त्या संध्याकाळी रविवार होताच, त्यामुळे फोन लावायला निमित्त शोधावं लागलं नाही.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. सावियो मेडेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाच्या नेशन्स कपात, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला, तेव्हा वसईकरानं पेढे वाटल्याचं सांगितलं. मग १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १–२ हार, आशियाई करंडकाची वाट बंद. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार. आता रविवारचा फोन लांबतो. वसईकराचं म्हणणं, खालिद चिकाटीचा पण भित्रा कोच. बचाव रचतो आणि गोल देवावर सोडतो. आबा म्हणतात, त्याला याकुबू दे, बॅरेटो दे, मग बोल. यावर वसईकराचा मुद्दा तयार असतो: ते दोघे डेरिककडे होते, म्हणून डेरिक मोठा ठरला काय? इथे आबा चिडतात. गेल्या खेपेला त्यांनी २००५–०६ ची अकरा जणांची यादी कागदावर मांडायला घेतली, खालिद त्यात बसतो की नाही यावर अडले, आणि फोन चार्जिंगला लावून पुन्हा बोलू म्हणाले.