आईच्या कॅसेटी आणि आजारी डिस्क



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे जर्मनीत न्युरेम्बर्गला नातवाकडे महिनाभर राहून आलो. कॉम्प्युटरवाल्यांना हे गाव लिनक्समुळे ठाऊक आहे. १९९२ साली सुरू झालेली सुसे कंपनी इथेच वाढली. नातवाच्या घरीही चपलांच्या कपाटावर एक छोटा लिनक्स सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. त्यात आमचा जीव अडकलेला! आमच्या आईने म्हटलेल्या मेंदीच्या गाण्यांच्या १२ कॅसेटी नातवाने त्यात उतरवून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटी बुरशी लागून केव्हाच गेल्या.

एके सकाळी गाणे मध्येच अडकले. पुन्हा लावले, पुन्हा तिथेच अडकले. आमचे हे म्हणाले, "बंद करून चालू कर रे, आपला टीव्ही तसाच सुधारतो."

"नको आजोबा! डिस्क आजारी असली तर परत उठेलच असं नाही."

त्याने आधी लिनक्सची नोंदवही उघडली. तिथे डिस्क वाचता येत नसल्याच्या ओळीच ओळी. मग त्याने स्मार्टचा अहवाल मागवला. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. वॉर्डात पेशंटच्या खाटेला चार्ट टांगलेला असतो ना, अगदी तसे. वर लिहिले होते, 'पास'. आम्हाला हायसे वाटले. पण खाली वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा होता ४८, आणि तासाभराने तो वाढला. केबल खराब असली की चुकांचा जो आकडा वाढतो, तो मात्र शून्य होता. म्हणजे दोष केबलचा नव्हे, डिस्कचाच.

ताप नाही म्हणून पेशंट बरा, असे आम्ही नर्सबाई कधी मानले नाही. इथेही तेच. गुगलने २००७ साली आपल्या हजारो डिस्कांचा अभ्यास छापला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांत स्मार्टची चार मुख्य लक्षणे दिसलीच नव्हती!

आम्ही म्हटले, "मग दुरुस्त कर लवकर." तो म्हणाला, "आजी, दुरुस्ती आत्ता नाही. दुरुस्तीचा प्रोग्रॅम डिस्कवर लिहितो, त्यात आहे तेही जाईल. आधी नक्कल, मग उपचार."

बाजारातून मोठी नवी डिस्क आणली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. घराला आग लागली की हाताला लागेल ते माणूस आधी बाहेर काढतो, अडकलेल्या कपाटाशी झटत बसत नाही. हा प्रोग्रॅमही सहज वाचता येईल ते आधी उचलतो, कठीण जागांकडे मागाहून वळतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, म्हणून मध्ये थांबला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. रात्रभर आम्ही पाळीपाळीने जागलो. नाइट ड्यूटीची सवय अजून गेलेली नाही!

सकाळी दुरुस्ती केली ती नकलेवर. ११ कॅसेटी पूर्ण मिळाल्या. बाराव्या कॅसेटीतल्या एका गाण्याच्या दोन ओळी गेल्या त्या गेल्याच. आम्हाला रडू आले. नातू म्हणाला, "आजी, तुला येतात ना त्या ओळी? मग म्हण." आम्ही म्हटल्या. आवाज फाटका, पण शब्द आईचेच. ते आता वेगळे नाव देऊन शेजारी ठेवले आहे.

चूक नातवाचीही होती आणि आमचीही. एकच प्रत ठेवून आम्ही निर्धास्त राहिलो. आता तीन प्रती आहेत: एक सर्व्हरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक आमच्याकडे इस्राएलमध्ये. एकाच सर्व्हरमध्ये दोन डिस्का जोडल्या तरी ती वेगळी प्रत होत नाही. चुकून पुसले तर दोन्हीकडचे पुसते.

तेव्हा मुलांनो, आजीआजोबांचे फोटो, आवाज कुठे ठेवलेत ते आजच पाहा. आणि वडीलधाऱ्यांनो, गाणी आठवत असतील तोवर म्हणून ठेवा.