नाव लिहून ठेवा

रविवारी सकाळी साडेदहाला मुंबईत एक निराळीच भूक लागते. न्याहारीची वेळ टळलेली असते, जेवणाला अवकाश असतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाहेर जाऊ या?" हल्ली याला ब्रंच म्हणतात. मला त्यातला पुढचा प्रश्न फार मोलाचा वाटतो: कुठे? चांगलं खायला या शहरात पुष्कळ ठिकाणी मिळतं. पण आज बरोबर कोण आहे, काय बोलायचंय आणि त्याला किती वेळ लागेल, हे मनाशी ठरलं की जागा आपोआप डोळ्यांपुढे येते.

आई बरोबर असली की दादर. आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं, याचं तिला केवढं कौतुक! मागवते मात्र थालीपीठच. कधी प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. ऐंशीच्या घरातल्या माणसाला ओळखीची चव आणि लवकर येणारी थाळी हवी असते. आम्ही तासाभरात घरी परततो आणि ती दिवसभर खुशीत असते.

मैत्रिणीचं लग्न मोडलं तेव्हा मी तिला धोबीतलावच्या कयानीत नेलं. 1904 पासूनचं इराणी हॉटेल. उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, बनमस्का, चहा, पुन्हा चहा. जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तिला हाताशी काहीतरी लागतं. ती बन चहात बुडवत राहिली, मी समोर बसून राहिले. आजूबाजूला वर्तमानपत्र वाचणारी, एकेकटी बसलेली माणसं होती. एकटं बसणाऱ्याकडे तिथे कुणी वळून बघत नाही, म्हणून रडणाऱ्याकडेही बघितलं नाही. दुःखाच्या दिवशी मी अजूनही इराण्याचीच वाट धरते.

भाच्याच्या लग्नाचं बघत होतो तेव्हा मात्र माझी निवड साफ चुकली. दोन्हीकडच्या मंडळींना मोठ्या हॉटेलातल्या बुफेला बोलावलं. बुफेत कुणी ना कुणी ताटली घेऊन उठलेलं असतं. मुलगी काही सांगू लागली की तिच्या समोरची खुर्ची रिकामी. नव्याने जुळणाऱ्या माणसांना एकाच भांड्यातून वाढून घेता आलं पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि काही कारण नसताना नुसतं बसायचं असेल तर? त्यासाठी जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार होतं. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा, बाजूला म्युझियमची बाग. एका पुदिना चहावर आम्ही तिथे दुपार करायचो. 1964 मध्ये सुरू झालेलं समोवार 2015 मध्ये बंद झालं. त्या बसण्याला दुसरी जागा मला मिळालेली नाही.

माटुंग्याचं मात्र वेगळं आहे. किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास 1940 सालचं. रविवारी तिथे दारातल्या माणसाकडे नाव लिहून ठेवायचं आणि फुटपाथवर थांबायचं. आत गेलात की रसम वडा, रागी डोसा, फिल्टर कॉफी. शेजारी अनोळखी माणूस आणि बाहेर ताटकळणाऱ्यांची जाणीव, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटांत उठायचं. निवांत गप्पांसाठी ही जागा कुणी सुचवणार नाही. पण बाबा निवृत्त झाल्यावर महिन्यातून एका रविवारी मला तिथेच घेऊन जात. घरी ते मोजकं बोलत, टेबलावर तर अजिबात नाही. खाताना बोलू नये अशी त्यांच्या आईची शिस्त. बोलत ते बाहेर, त्या फुटपाथवर. गिरणगावातली त्यांची पहिली खोली, धाकट्या भावाचं आजारपण, मला न सांगता फेडलेलं कर्ज, सगळं मी तिथे उभ्या उभ्या ऐकलं. समोरासमोर बसून जे जमलं नाही ते शेजारी उभं राहून, रस्त्याकडे बघत त्यांना जमत असे. डोशासाठी आपण इतक्या लांब येतो असं मी कित्येक वर्षं समजत होते.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, "आई, तुझ्याशी जरा बोलायचंय." तिने फोनवर वांद्र्यातल्या एका छान कॅफेत टेबल राखून ठेवायची तयारी केली होती. मी म्हटलं, माटुंग्याला जाऊ. "अगं, तासभर उभं राहावं लागेल तिथे!" म्हटलं, चल तर खरी.

नाव लिहून दिलं, 'दोघी'. झाडाच्या सावलीत उभ्या राहिलो. दहा मिनिटं ती नुसती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होती. मग तिने सुरुवात केली, माझ्याकडे न बघता. ती अर्ध्यावर आली असेल-नसेल तेवढ्यात दारातून आमचं नाव पुकारलं गेलं. ती थांबली.

मी हात वर करून त्या माणसाला म्हटलं, "आधी मागच्यांना बसवा."